यूविरहित क्यूचा साधार विचार

इंग्रजी शब्दांची वर्गवारी व्युत्पत्तीवरून करावी, अर्थावरून करावी की व्याकरणातील त्यांच्या जातीवरून, याविषयी पंडितांत मतभेद असले, तरी शब्दाला अर्थ असतो आणि तो वापरणाऱ्याला ठाऊक असावा, एवढे सर्व पक्षांनी गृहीत धरलेले असते. हे गृहीत न जुमानणारा एक निराळा पंथ गेली पाऊणशे वर्षे जगभर पसरत आला असून, शब्दात कोणती अक्षरे आहेत, ती किती आहेत आणि त्यांचे गुण किती होतात, या तीनच प्रश्नांवर त्याचे सगळे शब्दज्ञान उभे आहे. या पंथाच्या अनुयायांना स्क्रॅबलपटू म्हणतात. स्क्रॅबल हा पंधरा उभ्या आणि पंधरा आडव्या घरांच्या पटावर खेळायचा शब्दखेळ असून, त्यात प्रत्येक गड्याने पिशवीत हात घालून सात अक्षरे उचलायची, रॅक नावाच्या पट्टीवर ती इतरांना दिसणार नाहीत अशी मांडायची आणि पटावरच्या शब्दांना जोडून नवा शब्द लावायचा, असा नियम आहे. सातही अक्षरे एकाच खेळीत लागली तर पन्नास गुण जास्तीचे मिळतात. हा योग सामान्य घरांत फार क्वचित येतो, ही एका परीने ईश्वराची कृपाच म्हटली पाहिजे, कारण तो आल्यानंतर संबंधित गड्याचे बोलणे पुढचे आठ दिवस कुटुंबाला ऐकून घ्यावे लागते.

प्रस्तुत विवेचन या पंथाच्या सर्व दुःखांविषयी नसून एकाच दुःखाविषयी आहे. संचातील शंभर अक्षरांत ‘ई’ बारा आहेत, ‘यू’ चार आहेत आणि ‘क्यू’ एक आहे. हा एकुलता एक क्यू दहा गुणांचा असल्यामुळे तो हाती येताच गड्याला प्रथम आनंद होतो. क्यूनंतर यू लागतो हे शाळेतच पाठ झालेले असल्याने दुसऱ्या क्षणी त्याची नजर रॅकवर यू शोधू लागते, तिसऱ्या क्षणी पटावर शोधू लागते, आणि चारही यू इतरांनी ‘अप’, ‘बट’, ‘हट’ अशा क्षुल्लक शब्दांत उधळून टाकल्याचे लक्षात आल्यावर त्या आनंदाचे रूपांतर मानवजातीविषयीच्या सर्वसाधारण कटुतेत होते. डाव संपताना क्यू हातात राहिला, तर त्याचे दहा गुण धारकाच्या बेरजेतून वजा होतात आणि जो गडी आधी मोकळा झाला त्याच्या बेरजेत जमा होतात. म्हणजे नुकसान वीस गुणांचे होते आणि वर समोरच्याचा हसरा चेहरा पाहावा लागतो.

क्यू कोणाकडे आहे हे लपत नाही. ज्याच्याकडे तो असतो तो गडी अकस्मात उदार आणि निवांत होतो, इतरांना ‘सावकाश खेळा, घाई नाही’ असे सांगू लागतो आणि अधूनमधून रॅकवरील अक्षरांची जागा बदलतो. मात्र त्यातले एक अक्षर प्रत्येक वेळी उजव्या टोकालाच राहते. ज्या मराठी कुटुंबांत उन्हाळ्याच्या सुटीत हा खेळ चालतो, तेथे हे लक्षण बहुधा घरातील सर्वांत ज्येष्ठ आणि निवृत्त पुरुषात दिसून येते. विवेचनाच्या सोयीसाठी त्यांना ‘आजोबा’ म्हणू.

‘आजोबा, तुमचा नंबर.’

‘माहितीये. विचार करतोय.’

‘क्यू आलाय ना?’

‘कुणी सांगितलं?’

‘तुम्ही मघापासून चहा मागितला नाहीत.’

क्यूची ही परावलंबी अवस्था जन्मजात नव्हे. सेमिटिक लिपीतील ‘कोफ’ नावाच्या वर्णापासून निघून, ग्रीकांकडून होत तो रोमन लिपीत आला आणि तेथे त्याच्या मागे यू लागला. जुन्या इंग्रजीला त्याची मुळीच गरज भासत नव्हती. राणीला आज ज्या शब्दाने ओळखतात तो ‘क्वीन’ त्या काळी सी-डब्ल्यू-ई-एन असा लिहीत आणि त्यामुळे कोणत्याही राणीचे काही बिघडल्याची नोंद नाही. पुढे १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यांच्या फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी सी-डब्ल्यू काढून तेथे क्यू-यू बसवले, आणि तेव्हापासून इंग्रजीतील क्यू हा स्वीय सहायकाशिवाय कोणत्याही समारंभाला न जाणाऱ्या मंत्र्यासारखा वागू लागला. सहायक बोलत नाही, त्याला कोणी ओळखत नाही, परंतु तो आला नाही तर उद्घाटन होत नाही.

खेळाचा जनक आल्फ्रेड मोशर बट्स हा अमेरिकन वास्तुविशारद होता. जागतिक मंदीत त्याची नोकरी गेली आणि हाताशी वेळ उरला. कोणते अक्षर इंग्रजीत किती वेळा येते हे ठरवण्यासाठी त्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची पाने घेऊन अक्षरे मोजली आणि त्या मोजणीवरून संचातील अक्षरांची संख्या व त्यांचे गुण ठरवले; शब्दाच्या शेवटी एस चिकटवून अनेकवचनावर गुण उकळण्याची मनुष्यमात्राची वृत्ती ओळखून एस मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले. १९४८ साली जेम्स ब्रुनो याने या खेळाला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले, आणि पुढच्या वर्षी २४०० संच तयार करून ४५० डॉलरचा तोटा सोसला. नोकरी नसलेल्या एका गृहस्थाने वर्तमानपत्रातील अक्षरे मोजली आणि त्यामुळे नोकरी असलेल्या असंख्य गृहस्थांचे रविवार वाया गेले, असे या इतिहासाचे सार सांगता येईल. तसे सांगणाऱ्याच्या घरी संच असतोच.

क्यू हाती राहण्याच्या भीतीतून या पंथात एका विशेष वाङ्मयाचा उदय झाला, तो म्हणजे यूविरहित क्यूच्या शब्दांची यादी. ज्या शब्दांत क्यू आहे परंतु त्याच्यामागे यू नाही, असे खेळात ग्राह्य धरलेले शब्द त्यांच्या अर्थांसह या यादीत दिलेले असतात आणि इंग्लंड-अमेरिकेतील खेळाडू ती मोठ्या कष्टाने पाठ करतात. ही यादी मराठी माणसाने प्रथम पाहिली की त्याची होणारी अवस्था अभ्यासनीय आहे. इंग्रजीतील सर्वांत दुर्घट, साहेबालाही न येणारे शब्द आपल्यापुढे येणार या धास्तीने तो कागद उघडतो आणि आत त्याला भेटतात ते कव्वाली, कव्वाल, तलाक, बुरखा, फकीर, काझी, किब्ला आणि कोर्मा. एखाद्या विलायती खेळाडूला कव्वाल हा पक्षी आहे की विकार हे पाठांतराने लक्षात ठेवावे लागत असेल, त्याच वेळी मराठी खेळाडूच्या कानात हार्मोनियमचे सूर घुमू लागतात. शाळेत इंग्रजीत पस्तीस गुणांनी वाचलेल्या मनुष्याला आपण या भाषेचे मूळचे अधिकारी आहोत असे वाटण्याचा हा आयुष्यातील पहिला प्रसंग असतो, आणि त्याचे परिणाम वाईट होतात.

यादीत इतर प्रांतांतून आलेली मंडळीही आहेत. ‘कात’ हे येमेनमध्ये चघळले जाणारे नशेचे पान आहे, ‘किंदार’ हे अल्बानियातील चिल्लर नाणे आहे, ‘किव्हियुट’ ही उत्तर ध्रुवाकडील कस्तुरी बैलाच्या अंगावरची मऊ लोकर आहे, आणि ‘क्वर्टी’ म्हणजे टंकलेखन यंत्राच्या वरच्या ओळीतील पहिली सहा अक्षरे ओळीने वाचली असता जे काही होते ते. इराक आणि कतार हे दोन देश मात्र विशेषनामे म्हणून बाद आहेत. ऑस्ट्रेलियाची ‘क्वांटास’ ही विमान कंपनीही बाद आहे, कारण ते नाव लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे बनलेले आहे आणि त्यातला यू त्या लांबीतच कोठेतरी राहून गेला आहे. हे नियम आजोबांना मान्य नसतात. ‘देशच्या देश नाकारायचा, आणि येमेनमधलं तंबाखूचं पान चालवून घ्यायचं, हा कुठला न्याय?’ हा त्यांचा प्रश्न अनुत्तरित राहतो, कारण नातवाने तोवर आपला शब्द लावून सव्वीस गुण लिहून घेतलेले असतात.

यादीतील ‘कनात’ या शब्दाचा येथे सविस्तर विचार करणे आवश्यक आहे. क्यू, ए, एन, ए, टी अशा पाच अक्षरांचा हा शब्द मूळच्या चौदा गुणांचा असून, गुलाबी घरावर लागला तर दुप्पट होतो. तो यादीत दिसताच आजोबांना धन्यता वाटते, कारण तंबूच्या किंवा मांडवाच्या भोवती आडोशासाठी लावायच्या कापडी भिंतीला मराठीत कनात म्हणतात, ही गोष्ट त्यांना बालपणापासून ठाऊक असते. शब्द लावताना ते तो अर्थ मोठ्या आवाजात सांगतात, लहानपणी गावच्या तमाशाच्या फडात कनातीखालून तिकिटाशिवाय आत कसे शिरता येई याचे प्रात्यक्षिकासह वर्णन करतात, आणि सूनबाई मोबाइलवर तो शब्द तपासून पाहतात.

‘बाबा, शब्द बरोबर आहे.’

‘असणारच.’

‘अर्थ चुकलाय.’

‘अर्थ कसा चुकेल? मी स्वतः त्या कनातीखालून गेलोय.’

‘इथं लिहिलंय, जमिनीखालून पाणी आणायचा कालवा.’

वास्तविक दोन्ही पक्ष बरोबर असतात. इंग्रजी कोशातील कनात म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे भूजल हलक्या उताराच्या भुयारातून दूरच्या वस्तीपर्यंत नेण्याची इराणी पद्धत असून, या भुयारांवर ठरावीक अंतराने विहिरीसारखी हवेची तोंडे ठेवलेली असतात; युनेस्कोने इराणमधील कनातींचा २०१६ साली जागतिक वारसास्थळांत समावेश केला आहे. महाराष्ट्रालाही ही विद्या परकी नाही, कारण मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकी येथे, म्हणजे पुढील काळातील औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर-ए-अंबरी बांधली, ती याच जातीची होती. त्यामुळे आजोबांनी मनात आणले असते, तर हा दुसरा अर्थही त्यांना आपल्याच मुलखातला म्हणून मिरवता आला असता. परंतु तमाशाच्या फडावरून नहरीवर यायला ते तयार होत नाहीत आणि पुरावा म्हणून कपाटातून १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ काढतात. हॉब्सन-जॉब्सन हा युल आणि बर्नेल या दोघांनी केलेला, हिंदुस्थानातील इंग्रजांच्या तोंडी रुळलेल्या देशी शब्दांचा कोश होय. त्यात तंबूची कनात सापडते आणि आजोबांचा चेहरा उजळतो; मात्र साहेबाने तो शब्द क्यूने न लिहिता सीने लिहिला आहे, हे सूनबाई बोट ठेवून दाखवतात. ज्या ग्रंथात अर्थ बरोबर आहे त्यात अक्षर चुकीचे आहे, आणि ज्यात अक्षर बरोबर आहे त्यात अर्थ निराळाच आहे, अशा पेचात सापडलेला विद्वान जे करतो तेच आजोबा करतात, म्हणजे गुण लिहून घेतात आणि चर्चा पुढे ढकलतात.

या यशातून त्यांचा प्रसिद्ध सिद्धान्त जन्माला येतो. अरबीत क या उच्चाराची दोन अक्षरे असून, त्यांपैकी घशाच्या तळातून उच्चारायच्या ‘काफ’ या अक्षरासाठी इंग्रजीत अनेकदा क्यू योजतात. मराठीने हा भेद कधीच पाळला नाही आणि आलेला प्रत्येक शब्द एकाच साध्या क मध्ये निमूटपणे सामावून घेतला. किल्ला, कुलूप, कलम, कर्ज, कायदा, किंमत, कबूल आणि कत्तल हे सर्व शब्द मुळात त्या घशातल्या कचे आहेत. भाषाशास्त्रातील या निरुपद्रवी माहितीवरून आजोबांनी काढलेला निष्कर्ष असा की, मराठी माणसाच्या जिभेवर शेकडो क्यू वंशपरंपरेने पडून असून, ते पटावर मांडण्याचा त्याला नैसर्गिक हक्क आहे. त्या आठवड्यात ‘कुलूप’ हा शब्द क्यूने सुरू करून दोनदा, ‘किंमत’ एकदा आणि ‘कर्ज’ तीनदा लावण्याचा प्रयत्न होतो. दर वेळी मोबाइल तो शब्द नाकारतो, आणि दर वेळी आजोबा मोबाइलच्या शिक्षणाविषयी शंका व्यक्त करतात.

आधार म्हणून माधव ज्यूलियनांचा १९२५ सालचा ‘फार्शी-मराठी कोश’ टेबलावर येतो, त्याच्या शेजारी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश येतो.

‘मोल्सवर्थ इंग्रज होता की नव्हता?’

‘होता, आजोबा.’

‘मग त्याच्या कोशातला शब्द इंग्रजी का नाही?’

‘कारण त्यानं तो बाळबोध लिपीत छापलाय.’

या उत्तरापुढे कोणत्याही सिद्धान्ताचा निभाव लागणे कठीण असते. येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवली पाहिजे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली जो राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्याचा हेतू कारभारातील फार्सी-अरबी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आणण्याचा होता. तो हेतू शंभर टक्के सफल झाला असता, तर आजोबांच्या सिद्धान्ताला आधार म्हणून एकही कुलूप उरले नसते. आजोबा एरवी शिवकालाचे कडवे अभिमानी असल्याने हा मुद्दा त्यांच्यापुढे काढण्याचे धैर्य घरात कोणी केलेले नाही.

अर्थाचा प्रश्न केवळ क्यूपुरता मर्यादित नाही. या खेळात दोन अक्षरी शब्दांना फार महत्त्व असून, आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या यादीत असे शब्द सव्वाशेच्या आसपास आहेत. त्यांत ‘आ’सारखा, दोन ए जोडून केलेला शब्द आहे, ज्याचा अर्थ हवाई बेटांवरील खडबडीत लाव्हारस; ‘एआय’ आहे, आणि तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा नसून दक्षिण अमेरिकेतील तीन बोटांच्या आळशी प्राण्याचा आहे; ‘जो’ हा स्कॉटलंडमधील प्रियकर आहे. याक आणि गाय यांच्या संकरातून झालेल्या तिबेटकडील जनावराला ‘झो’ म्हणतात, आणि ते झेड-ओ, झेड-एच-ओ, डी-झेड-ओ, डी-एस-ओ व डी-झेड-एच-ओ यांपैकी कोणत्याही प्रकारे लिहिले तरी चालते. ज्या भाषेने स्वतःच्या शाळकरी मुलांना एका अक्षराच्या चुकीसाठी पिढ्यान्‌पिढ्या पट्ट्या मारल्या, तिने दुसऱ्याच्या बैलाबाबत दाखवलेली ही सहिष्णुता डोळ्यांत भरणारी आहे.

हे शब्द लावणाऱ्याला त्यांचा अर्थ ठाऊक असतोच असे नाही, परंतु अर्थ विचारला जाणारच, असे मराठी घरांत धरून चालावे लागते. म्हणून अनुभवी गडी काही तयार अर्थ जवळ बाळगतात. ‘एक प्रकारचं नाणं’ हे उत्तर सर्वांत सुरक्षित समजले जाते, कारण जगात देश पुष्कळ आहेत आणि त्यांची चिल्लर कोणी पाहिलेली नसते. त्याखालोखाल ‘ऑस्ट्रेलियातला एक प्राणी’, ‘एक जुनं वाद्य’ आणि ‘स्कॉटिश आहे’ या उत्तरांचा क्रम लागतो. ‘स्कॉटिश आहे’ या उत्तरात वास्तविक अर्थ मुळीच नसतो, तरी त्यावर पुढचा प्रश्न विचारण्याची कोणाचीही छाती होत नाही. खेळाच्या नियमांत अर्थ सांगण्याचे बंधन नाही आणि शब्द यादीत असला म्हणजे पुरे, हे आजोबांना नातवाने अनेकदा समजावले आहे. परंतु विचारलेल्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ असे उत्तर देण्याची सवय ज्या पिढीला नाही, तिला ते पटणे अवघड आहे. त्यामुळे ‘एक्स-यू’ हा शब्द लावून त्यांनी ‘एक प्रकारचं नाणं’ असे दडपून सांगितले आणि तो खरोखरच व्हिएतनामचे नाणे निघाला, त्या दिवशी घरात सर्वाधिक आश्चर्य त्यांनाच वाटले, जे त्यांनी चष्मा पुसून झाकले.

२००६ साली उत्तर अमेरिकेच्या अधिकृत यादीत क्यू-आय आणि झेड-ए हे दोन शब्द दाखल झाले आणि क्यूच्या दुःखाची धार बरीच बोथट झाली. पहिल्याचा उच्चार ‘ची’ असून, चिनी विचारानुसार तो देहात वाहणाऱ्या प्राणशक्तीचा वाचक आहे. दुसरा पिझ्झ्याचा शेवटचा तुकडा आहे, अर्थात ‘पिझ्झा’ या शब्दाचा, पदार्थाचा नव्हे. दोघांचेही मूळ गुण अकरा. क्यू-आय आल्यापासून यादीतील इतर सर्व शब्द पाठ करण्याची गरज जवळजवळ संपली, ही बातमी नातवाने आजोबांना सांगितली, तेव्हा ती त्यांना आवडली नाही. बहात्तराव्या वर्षी कष्टाने कमावलेली विद्या दोन अक्षरांत निकालात निघावी, हे त्यांना फसवणुकीसारखे वाटले, आणि त्यांनी क्यू-आय या शब्दावर घरापुरता बहिष्कार जाहीर केला. सूनबाईंनी त्याच संध्याकाळी तो शब्द तिप्पट गुणांच्या घरावर लावला.

अर्थाशिवाय शब्द जाणण्याची परमावधी पाहायची असेल, तर न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांच्याकडे वळले पाहिजे. इंग्रजी स्क्रॅबलचे जगज्जेतेपद अनेकदा मिळवल्यावर त्यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. सुमारे नऊ आठवड्यांत त्यांनी फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती. २०२४ साली स्पेनमधील ग्रानाडा येथे त्यांनी स्पॅनिश स्पर्धाही तशाच रीतीने जिंकली. ज्या भाषेत एक कप कॉफी मागता येणार नाही त्या भाषेतील सर्वांत जास्त शब्द येणारा मनुष्य, असा हा चमत्कार असून, त्याने युरोपातील पुष्कळ भाषाप्रेमी अस्वस्थ झाले. मराठी वाचकाने मात्र इतके दचकण्याचे कारण नाही. ज्या समाजात पावकी, निमकी आणि अडीचकी कशासाठी हे न विचारता पाठ केली गेली, आणि जेथे गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तने एकही उच्चार न चुकवता पण अर्थाला फारसा हात न लावता होतात, त्या समाजाने रिचर्ड्स यांना आपलाच एक विद्यार्थी मानायला हवे.

आजोबांनी नेमका हाच बोध घेतला आणि यूविरहित क्यूची संपूर्ण यादी मुखोद्गत करण्याचा संकल्प सोडला. सतत डोळ्यांसमोर राहावेत म्हणून शब्द लहान चिठ्ठ्यांवर लिहून घरभर चिकटवण्यात आले: फ्रिजवर लोकर, देवघराच्या दारावर किब्ला, आजींच्या औषधांच्या डब्यावर झोपेच्या गोळीसाठी असलेला ‘ट्रँक’, आणि स्वयंपाकघरात चहाच्या डब्यावर ‘कात’. आजींनी दोन दिवस औषध घेतले नाही. सूनबाईंच्या माहेरची माणसे आली असता त्यांच्यातील एका जिज्ञासू मामांनी डब्यावरच्या चिठ्ठीचा अर्थ विचारला.

‘नशेचं पान आहे,’ आजोबा उत्साहाने म्हणाले. ‘येमेनमध्ये दुपारभर चघळतात.’

‘आणि तुम्ही?’

‘मी रोज सकाळी दहा वेळा.’

मामांनी चहा नको म्हटले. आजोबांचे म्हणणे पाठांतराविषयी होते हा खुलासा पुढे फोनवरून करण्यात आला; तो स्वीकारला गेला की नाही हे सांगता येत नाही, परंतु त्यानंतर त्या घरातून आजोबांच्या प्रकृतीची चौकशी अधिक आपुलकीने होऊ लागली.

पाठांतर पूर्ण झाल्यावर सलग अनेक डाव क्यू नातवाकडेच जात राहिला आणि तो दर वेळी यूसकट. नातवाने ‘क्विझ’, ‘क्विट’ असे बाळबोध शब्द लावले की आजोबा मान फिरवत, कारण यू असताना क्यू लावण्यात कसला आला पुरुषार्थ, अशी त्यांची आता भूमिका झाली होती. अखेरीस एका रविवारी त्यांनी इंग्रजी स्क्रॅबलमध्ये मुळातच परकीय अन्याय असल्याचे घोषित केले आणि मराठी अक्षरांचा नवा संच बनवण्याचे काम हाती घेतले. जे बट्सने केले तेच करायचे, असे ठरवून त्यांनी त्या दिवशीचे वर्तमानपत्र पुढ्यात घेतले आणि अक्षरांची मोजणी सुरू केली. पहिल्याच ओळीत वेलांटीला अक्षर समजावे की नाही हा प्रश्न उपस्थित झाला. दुसऱ्या ओळीत ‘क्ष’ एक धरावा की दोन, यावर शेजारच्या काकांना बोलावण्यात आले. काकांनी येताना आपले वर्तमानपत्र आणले व त्यातील ळची संख्या निराळी निघाल्याने दोन्ही वर्तमानपत्रांच्या राजकीय भूमिकांवर बोलणे गेले. रफार हा स्वतंत्र तुकडा केला तर तो पटावर ठेवायचा की दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर, यावर दोघांत अबोला धरला गेला. तोपर्यंत पहिल्या पानाच्या बारीक चिंध्या होऊन त्यांचे क, ख, ग असे ढीग जेवणाच्या टेबलावर लागले होते, आणि कोणीतरी पंखा सुरू केला.

‘बाबा,’ आतून सूनबाईंनी विचारले, ‘सोन्याचा आजचा भाव बघायचा होता, पेपर कुठंय?’

‘खाली आहे,’ सोफ्याखाली ओणवे होऊन ज्ञ शोधत असलेले काका अबोला मोडून म्हणाले, ‘कुठलं अक्षर हवंय ते सांगा.’